बाळाच्या छातीतलं दूध

माझी डावी छाती वाढलीच नाही. उजवी वाढली, तिनं एक लेकरू पोसलं, आणि आता उतारवयात ती आपली आपण सुकत चालली आहे. डावीकडं आहे तो फक्त बोटभर लांबीचा, सुरकुतून आत ओढलेला व्रण. आधीच सांगून टाकते, कारण हे झाकण्यात माझी निम्मी हयात गेली आणि आता मला त्याचा वीट आलाय.

माय सांगायची, ग्रहणाचा डाग आहे. मी पोटात असताना ग्रहण लागलं, आणि भान न राहून तिनं नेमकी तेव्हाच चोळीची गाठ मारली, म्हणून माझ्या छातीला गाठ बसली. हे सांगताना तिचा आवाज इतका हळवा व्हायचा की मलाच तिची कीव यायची. बिचारी, एका गाठीचं केवढं ओझं वागवते, असं वाटायचं. मी तिला कधी दोष दिला नाही, उलट तिच्या डोळ्याला पाणी आलं की विषय बदलायचे. चोवीस वर्षं मी तिची समजूत काढत आले.

माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं माझ्या सगळ्या ब्लाऊजांना आतून डाव्या बाजूला कापूस भरून कप्पे शिवले. घरचाच कापूस, सरकी काढून पिंजलेला. टाके इतके बारीक की शिंप्यानं लाजावं. सासरी कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं तिनं मला बजावलं. नवऱ्याला अर्थात पहिल्याच आठवड्यात कळलं. तो म्हणाला, "आधी सांगायचं व्हतं." एवढंच. पुढं त्यानं तो विषय काढला नाही आणि माझ्याकडं सरळ बघणंही बंद केलं. चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले. माझं माहेर झरीपासून पायी तासाभरावर, सासर पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या स्टेशनात उतरून पुढं गाडीवाटेनं. सातव्या महिन्यानंतर उजवी बाजू भरून आली. डावीकडं व्रणाच्या कडेनं नुसता ठणका लागायचा. आत कुणीतरी उठायला बघतंय आणि उठता येत नाही, असं वाटायचं. एका बाजूनं लेकरू जगेल का, हा घोर मला लागला होता. माय म्हणायची, "सटवाईनं लिवलं आसंल तसं हुईल." मायचा सगळ्या गोष्टींवर असा एक इलाज असे.

मुलगी झाली. घरातल्यांचे चेहरे जरा पडले, मग सावरले. मला मात्र तिला बघून पहिल्यांदा भीतीच वाटली. मी तिची छाती उघडून बघितली. दोन्हीकडं तांदळाच्या कणीएवढे ठिपके होते, सारखे. मी पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले तर माय म्हणाली, "थंडी बाधंल लेकराला, झाक."

चौथ्या दिवशी पोरीची छाती सुजली. दोन्हीकडं बोराएवढ्या टणक गोळ्या आल्या, आणि न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीनं तेल लावताना बोट फिरवलं तर पांढरा थेंब बाहेर आला. दूध. चार दिवसांच्या बाळाच्या छातीत दूध. मी बाजेवर कानाला फडकं बांधून बसले होते, तिथूनच ओरडले. म्हातारी हसली. तिनं अर्ध्या गावाची लेकरं आपल्या नडग्यांवर पालथी घालून न्हाऊ घातली होती, तिला यात नवल नव्हतं.

"आगं, कच्चं दूध हाय ते. समद्या लेकरायला येतंय. पिळून काढावं लागतंय, न्हाई तर आत नासून गाठी हुत्यात," ती म्हणाली, आणि मायनं मान हलवली. पाचवी आटोपली की रोज थोडं थोडं काढायचं, असं दोघींचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. बाळंतिणीला विचारायची रीत आमच्याकडं नव्हती.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रातली नर्स नाळ बघायला आली. ती बौद्ध होती, नांदेडकडची, आमच्या गावात बदली होऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याबद्दल लिहिण्याआधी आमच्या घराबद्दल लिहिलं पाहिजे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा मी मॅट्रिकला होते. आमच्या गावात बौद्धवाड्यातली चार छपरं जळाली आणि आमच्या घरातले पुरुष दार लावून आत बसले. पुढं कितीतरी वर्षं घरात अभिमानानं सांगत, आपण कशात नव्हतो. तर अशा या कशातच नसलेल्या घरात नर्सचा चहाचा पेला गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. ती यायची, इंजेक्शन द्यायची, तो पेला स्वतः विसळून घ्यायची, चहा प्यायची आणि परत विसळून ठेवायची. मी बघायचे आणि मूग गिळून बसायचे. माझी बाजू घेणारी पुढं तीच निघाली म्हणून आज हे मला जास्त टोचतं, एरवी टोचलं असतं की नाही कोण जाणे.

नर्सनं पोरीची छाती बघितली आणि म्हणाली, "याला हात लावायचा नाही. कुणीच नाही."

माय म्हणाली, "नासंल की."

"नासत नाही, मावशी. आईच्या अंगात दूध उतरवायला जे रक्तात येतं ना, ते पोटातल्या लेकराच्या रक्तातही जातं. म्हणून लेकराची छाती पण जागी होते. मुलगा असो, मुलगी असो. पंधरावीस दिवसांत आपोआप जिरतं. मग ते झोपी जातं ते पार वयात येईपर्यंत." तिनं बोट न लावता त्या गोळीकडं दाखवलं. "बाईची छाती पुढं होते ती एवढ्याशा दाण्यापासून होते. दुसरीकडून काही येत नसतं. हा चिरडला, पिकला, की संपलं."

मायनं तोंड वाकडं केलं. नर्स हात धुवायला बाहेर गेली तशी मला म्हणाली, "आदी नामांतर मागत व्हते. आता आमाला लेकरं न्हाऊ घालायला शिकवायलेत."

माझं तिकडं लक्ष नव्हतं. चिरडला, पिकला, संपलं, हे तीन शब्द माझ्या डोक्यात घण घालत होते. नर्स परत आली तेव्हा मी मायला शेगडीतले निखारे बदलायला पाठवलं आणि पदर बाजूला केला. नवऱ्याव्यतिरिक्त मी ती जागा कुणाला दाखवलेली नव्हती. नर्स वाकली. तिनं व्रणावरून अंगठा फिरवला, कडा दाबून बघितल्या.

"हे कशानं झालं म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

"ग्रहणानं."

"ताई, ग्रहण वस्तरा चालवत नाही," ती म्हणाली. "इथं गळू झालेलं आहे आणि ते चिरून पू काढलेला आहे. तुम्ही अगदी तान्ह्या असताना. कुणीतरी पिळलं असणार."

मग तिनं मला समजावलं की एका बाजूनंही लेकरू पोसतं, दूध मागणीप्रमाणं येतं, घाबरू नका. ते मी ऐकलं असावं, कारण पुढं तसंच झालं. पण त्या वेळी मी म्हातारीचा विचार करत होते. तिच्याच नडग्यांवर मीही पालथी पडले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, न्हाणीत पाय पसरून बसली, तेव्हा मी पोरगी तिच्याकडं दिलीच नाही. आधी विचारलं.

म्हातारीनं एवढं मोठं तोंड उघडलं. "म्या? आगं, तुझ्या येळंला म्या लेकीकडं पेडगावला गेल्ते. तिचंबी बाळंतपण व्हतं. आल्ते तवर तू तापानं फणफणली व्हतीस. तुझ्या मायनंच पिळलं की. तिचा हात जड. चांगलं आठ दिस पिळलं, मंग पिकलं, मंग वस्तऱ्यानं फोडलं. तुला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाला असणार, मलाच नव्हतं.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. मी बाळंतिणीनं यायचं नसतं तिथं, चुलीपर्यंत गेले आणि विचारलं, "ग्रहण कोणतं व्हतं गं? सूर्याचं का चंद्राचं?"

तिनं मागं बघितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणाली, "म्हातारी लय बडबड करतीया."

"चोवीस वर्षं मला ग्रहण सांगितलंस."

"मंग काय सांगू? तुझ्या भावाचंबी म्याच पिळलं व्हतं, त्येचं काय बिगडलं?"

भावाचं काय बिघडणार होतं? त्याच्या छातीला पुढं वाढायचं नव्हतं. पोरांचीही पिळतात आणि त्यांचं काही दिसून येत नाही, म्हणून तर हे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षात येत नाही. पण हे मला आज लिहिताना सुचतं, तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त म्हणाले की माझ्या पोरीला हात लावायचा नाही.

आता ती वळली. चेहऱ्यावर मला वाटला होता तसा पश्चात्ताप नव्हता, राग होता. "म्हंजे आजवर समद्या बायका येड्या, अन् म्या एकलीच पापीण. आसंच ना? हिचं न्हाई पिळलं अन् हिचं नीट झालं, तर मंग तुझं म्याच केलं, आसंच हुतंय ना?"

तव्यावरची भाकरी करपली. तिला काय हवं होतं ते तिनं स्वतःच बोलून टाकलं होतं. नात पिळूनही धड राहिली तर तिच्या हातावरचा आळ जाणार होता. आपली चूक नव्हती याचा पुरावा तिला हवा होता, आणि तो माझ्या सहा दिवसांच्या पोरीच्या छातीतून काढायचा होता.

पुढचे तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून बसले. म्हातारीला न्हाऊ घालू दिलं, पण छातीवरून तिचा हात गेला की मी "हां" करायचे आणि ती हात उचलायची. तिला त्याचं काही नव्हतं, तिला आपलं काम उरकायचं असे. मायशी मी बोलत नव्हते. तीही डिंकाचा लाडू ताटलीत ठेवून निघून जायची. दहाव्या दिवशी भर दुपारी शेगडीच्या उबेनं माझा डोळा लागला. पोरीच्या किंचाळण्यानं जागी झाले. दूध हवं म्हणून रडते ते रडणं नव्हतं.

माय माझ्या बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर पाय पसरून बसली होती. पोरगी तिच्या नडग्यांवर, उताणी. अंगठा आणि बोट डाव्या बाजूला.

"हलक्या हातानं काढलंय," ती म्हणाली. तिच्या बोटाला पांढरं लागलं होतं आणि ती ते मला दाखवत होती. "बग. एवढंच करायचं आसतंय. काय झालं? काय बी झालं न्हाई."

मी लेकरू हिसकावून घेतलं. मी आईला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं काहीही मागं घ्यावं असं मला वाटत नाही, पण लिहवतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची डावी बाजू लाल झाली आणि अंग तापलं. बाराव्या दिवसाचं बारसं तोंडावर होतं, आढ्याला पाळणा बांधून झाला होता. मी कानाचं फडकं तसंच ठेवून, पोरगी पदराखाली घेऊन, गावातून चालत उपकेंद्रात गेले. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायला अजून महिना होता. पारावरचे लोक उठून बघायला लागले. कुणी विचारलं नाही, कारण मी थांबले नाही.

नर्सनं औषध सुरू केलं. पू झाला तर परभणीला न्यावं लागेल, म्हणाली, पण तुम्ही इतक्या लवकर आलात, तर बहुतेक होणार नाही. तिनं मला घरी परत जाऊ दिलं नाही. उपकेंद्राच्या मागच्या तिच्या खोलीत मी पाच दिवस राहिले, तिच्या तांब्यानं पाणी प्यायले, तिच्या ताटात जेवले. तिला मी कोनाड्यातल्या पेल्याबद्दल काहीच बोलले नाही. माफी मागायला हवी होती. तिनंही मला अवघडू दिलं नाही, आणि तिच्या त्या चांगुलपणाचा मी फायदा घेतला असंच म्हणावं लागेल.

माय एकदा आली. दाराबाहेर उन्हात उभी राहिली, आत आली नाही. "बारशाला समदे जमायलेत, चल," म्हणाली. मी म्हणाले, "पोरीचा ताप उतरू दे." ती म्हणाली, "दात येताना येतो तसला ताप हाय ह्यो." अकरा दिवसांच्या लेकराला दात. ती काहीही बोलायला तयार होती. पाचव्या दिवशी लाली ओसरली, गोळी मऊ पडली, आणि मी तिथूनच सासरी गेले. बारसं सासरी झालं. माहेरच्या आढ्याचा पाळणा रिकामाच सोडला, असं नंतर ऐकलं.

तीन महिन्यांनी मी पोरीला मुद्दाम त्याच नर्सकडं दाखवायला नेलं. माझ्या सासरपासून तो दिवसभराचा खेटा होता. तिनं दोन्हीकडं बोटाच्या टोकानं हळूच चाचपून बघितलं, परत बघितलं, मग माझं बोट धरून मला दाखवलं. डावीकडं आणि उजवीकडं, कातडीखाली, सारखाच. "दोन्ही दाणे शाबूत आहेत. पू झाला नाही, चीर पडली नाही. हिचं नीट वाढेल," ती म्हणाली. मी तिच्या टेबलावर डोकं टेकून रडले. मायचं घर तिथून चार गल्ल्यांवर होतं. मी गेले नाही, आणि कळवलंही नाही.

पुढं मी सासरच्या गावात अंगणवाडीत लागले. ज्या घरात पाळणा हलला त्या घरात मी पाचवीच्या आधी पोचायचे. बाळाच्या छातीला हात लावू नका, आपोआप जिरतं, बोराएवढा दाणा आहे, त्यातूनच पुढं सगळं होतं, नर्सचंच बोलणं मी दारोदार सांगत फिरले. काही ऐकायच्या, काही तोंड वाकडं करायच्या. मला त्यांचा राग यायचा नाही. मला राग यायचा तो एकाच बाईचा.

दिवाळीला, पंचमीला माहेरी जायची वेळ आली की माय पोरीला न्हाऊ घालायला मागायची. मी दार उघडं ठेवून समोर बसायचे. ती तेल लावताना छातीकडं बघत राहायची. तिला त्यातून कळण्यासारखं काही नव्हतं, त्या वयात सगळ्याच लेकरांची छाती सपाट असते. ती माझ्याकडं बघायची, मी साबण पुढं करायचे. असं सात वर्षं चाललं. तिनं तोंडानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगायचे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत मायनं अंथरूण धरलं. गावात जो तो विद्यापीठाचं नाव बदलण्याबद्दल बोलत होता, आणि भाऊ दार लोटून घ्यायचा, तिला आवाज सहन व्हायचा नाही म्हणून. मी आठ दिवस जाऊन राहिले. तिला पुसलं, उलटंपालटं केलं, पेज भरवली. एका सकाळी मी तिचं लुगडं सारखं करत होते तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर राहिला नव्हता.

"पोरीचं..." ती म्हणाली. "पोरीचं नीट हाय ना?"

तिनं अखेर तोंडानं विचारलं.

"ती तर झकास हाय. दुसरीत गेली," मी म्हणाले.

"तसं न्हाई." तिनं स्वतःच्या छातीवर डावीकडं हात ठेवला.

मी पेजेची वाटी उचलली. "ते आत्ताच कसं कळंल? आजून पाच वरसं हायत."

"तवर म्या कुठली," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "कुनाला दावलं नव्हतंस का? त्या नर्सला?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं मनगट सोडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि तोपर्यंतचे दोन दिवस मी तिच्या उशाशीच बसून होते.